गुंठ्याला पाचशे सहा रुपये

दिवेआगरला माझ्या आजोळच्या वाडीत भर दुपारीसुद्धा विहिरीत ऊन पडत नसे. वर माडांच्या झावळ्या, त्यांच्याखाली पोफळी, त्याखाली केळी आणि जायफळ, आणि माडांच्या खोडांना बिलगून वर चढलेले मिरीचे वेल. वाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना मी सांगते की ती तीन मजली असते. समुद्र तिथून अगदी जवळ, पण तो ऐकू यायचा, दिसायचा नाही. 2020च्या दिवाळीत ताम्हिणी उतरून, माणगाव आणि म्हसळा करत पोचले, तेव्हा मागल्या दारातून थेट समुद्र दिसला. विहिरीच्या तळाशी ऊन होतं.

बरोबर आलेले एक स्नेही म्हणाले, "वा, व्ह्यू काय सुंदर ओपन झालाय!" माणूस वाईट नाही. पण परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी फारसं बोलले नाही.

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020ला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभरावर, झोत 120 किलोमीटरचे. आदल्याच पंधरवड्यात अम्फान बंगालला झोडपून गेलं होतं, त्यामुळे यंत्रणा सावध होती, किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली आणि जीवितहानी फार कमी झाली. हे श्रेय द्यायलाच हवं. करोनाच्या टाळेबंदीत, तोंडाला फडकी बांधून, एका शाळेत शेकडो माणसं ठेवायची हे सोपं काम नव्हतं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, पलीकडे मंडणगड, दापोली, या सगळ्या पट्ट्यात घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते, आणि मुंबई-पुण्यातली आम्ही पोरंबाळं गावची खबर कुठून मिळते का म्हणून एकमेकांना फोन करत होतो.

घरांबद्दल बरंच लिहून झालंय. मला वाडीबद्दल लिहायचंय, कारण वाडीचं जे झालं त्यात वाऱ्याइतकाच कागदाचा हात आहे असं माझं मत आहे.

मदतीचा हिशेब असा. केंद्राच्या आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषांप्रमाणे बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 18,000 रुपये मिळत, तेही 2 हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकारने निसर्गसाठी हा दर हेक्टरी 50,000 केला. जवळजवळ तिप्पट. वर्तमानपत्रांत मथळे आले, आणि घाटावरच्या मंडळींना वाटलं की कोकणची चंगळ झाली. आता हेक्टर म्हणजे गुंठ्यांत शंभराला एक कमी. भागाकार केला की येतात गुंठ्याला 506 रुपये. जुन्या दराने 182 आले असते. दिवेआगर-श्रीवर्धनमध्ये वाडी कुणी हेक्टरात सांगत नाही. "आमची बारा गुंठे", "त्यांची वीस", असंच बोलणं असतं, आणि वीस गुंठेवाला बरा बागायतदार समजला जातो. माझ्या मामाची वाडी चौदा गुंठे. सरकारने तिप्पट केलेल्या दराने त्याला मिळाले असते 7,084 रुपये.

ओरड झाली, आणि ती ऐकली गेली, हेही नोंदवते. नंतर सरकारने झाडागणिक दर काढला. माडाला 250 रुपये, पोफळीला 50. पुढल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हाही हेच दर होते. वरवर पाहता मोठी सुधारणा, कारण माप बदललं. पण मी एक साधा गुणाकार केला. माड साडेसात मीटर अंतरावर लावावा असं कृषी विद्यापीठ सांगतं. त्या अंतराने हेक्टरात पावणेदोनशेच्या आसपास माड बसतात. पावणेदोनशे गुणिले 250 म्हणजे 43,750. पुन्हा आलो पन्नास हजारांच्याच उंबऱ्यावर! म्हणजे झाडाची किंमत कुणी केलीच नव्हती. हेक्टरचा दर तेवढा झाडांत वाटून दिला होता. हा दर कसा ठरला त्याची फाइल मी पाहिलेली नाही, पण आकडे इतके जवळ यावेत हा योगायोग मला पटत नाही.

मामाचे 23 माड आणि 118 पोफळी पडल्या. नव्या दराने 11,650 रुपये. वाडीत आडव्यातिडव्या पडलेल्या खोडांवरून पाय टाकायला जागा नव्हती. यांत्रिक करवत भाड्याने आणून, माणसं लावून ती खोडं तोडायची आणि बाहेर काढायची, यातच या रकमेहून जास्त गेले. माडाचं लाकूड त्या दिवसांत कुणी फुकट नेईना, कारण सगळ्यांच्याच दारात ते पडलेलं. आणि पडलेलं खोड वाडीत कुजत ठेवावं तर त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांच्या शेंड्यात शिरतो. म्हणजे साफसफाई ही हौस नव्हती, उरलेलं वाचवायचं तर ती करावीच लागणार होती. तिच्यासाठी वेगळा पैसा धरावा असं कुठल्याच तक्त्यात सुचलं नाही.

मूळ चूक मला दिसते ती अशी. भाताचं शेत पाण्याखाली गेलं तर शेतकऱ्याचं एक साल जातं. ते लहान दुःख नाही, पण पुढच्या पावसात तीच जमीन पुन्हा पेरता येते. तिथे जमिनीच्या मापाने मदत मोजणं समजू शकते. बाणवली, म्हणजे उंच देशी जातीचा माड लावला तर त्याला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, यायला सहा ते आठ वर्षं जातात. श्रीवर्धनी रोठा ही सुपारीची जात लावली तर पाच-सहा वर्षं, आणि पुरत्या भरात यायला तिला त्याहून जास्त. पूर्ण वाढलेला माड वर्षाला ऐंशी नारळ सहज देतो. नारळाला अगदी पडका दर, दहा रुपये धरला तरी वर्षाचे 800 होतात. सात वर्षांचे 5,600, आणि हे एका झाडाचे. त्याच्यावर चढलेला मिरीचा वेल मी धरलेलाच नाही, कारण तो सातबाऱ्यावर नसतो. पीकपाहणीच्या रकान्यात "नारळ, सुपारी" एवढं लिहिलं की तलाठ्याचं काम झालं. तिसऱ्या मजल्यावरचं जायफळ कागदाला माहीतच नसतं.

थोडक्यात, पडलेल्या वाडीत वाडीवाल्याची जमीन कुठेच जात नाही, ती जागच्या जागी असते. जातो तो काळ. आणि आपण मोजत होतो जमीन.

यावर सरकारी बाजूचं उत्तर तयार असतं, आणि ते खोटं नाही. आपत्ती निधीतून मिळते ती मदत आहे, नुकसानभरपाई नव्हे, माणसाने पुन्हा उभं राहावं म्हणून दिलेला हात आहे, असं ते म्हणतात. सगळं नुकसान भरून द्यायला निघालो तर तिजोरी पुरणार नाही, असंही म्हणतात. कबूल. पण मग हात किती काळ द्यायचा हा प्रश्न उरतोच. भात पुन्हा उभं राहायला चार महिने लागतात आणि माड उभा राहायला सात वर्षं, तर दोघांनाही एकाच हप्त्यात मोकळं करणं ही काटकसर कसली? शिवाय 2022मध्ये केंद्राने निकष सुधारले तेव्हाही बहुवार्षिक पिकांचा दर हेक्टरी 22,500 झाला. गुंठ्याला 228. आकडा हलला, हेक्टर तिथेच.

"झाडं आणि त्यांची वयं कोण मोजणार?" असं विचारणारे अधिकारी मला भेटले आहेत. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. नारळ विकास मंडळाची माडांसाठी विमा योजना 2009पासून आहे. तिच्यात माडाचे वयाप्रमाणे दोन गट आहेत, चार ते पंधरा वर्षं आणि सोळा ते साठ वर्षं. विम्याची रक्कम पहिल्याला झाडामागे 900, दुसऱ्याला 1,750. म्हणजे माड हा एकेकटा मोजण्याचा, आणि वयासकट मोजण्याचा जिन्नस आहे हे सरकारच्याच एका मंडळाला ठाऊक आहे. (ती योजना आमच्या बाजूला किती जणांना ठाऊक आहे हे विचारू नका. मामाला मी सांगितली तेव्हा तो हसला.) आणि दुसरी गोष्ट भूसंपादनाची. 2013चा कायदा सांगतो की जमीन घेताना तिच्यावरच्या झाडांची किंमत वेगळी काढावी, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने शेती, वनं, फळबागा यांतल्या जाणकारांची मदत घ्यावी. रस्त्यासाठी झाड जाणार असेल तर त्याची जात, वय, उत्पन्न, सगळं पाहिलं जातं. तेच झाड वाऱ्याने गेलं की ते पन्नास रुपयांचं होतं. झाड नेणारा कोण, यावर झाडाची किंमत ठरावी हे मला समजत नाही.

हप्त्याहप्त्याने पैसे देणंही नवीन नाही. रोजगार हमीतून 1990पासून जी फळबाग लागवड झाली, जिच्यामुळे कोकणातले उघडे कातळ आंबा-काजूने हिरवे झाले, तिचं अनुदान तीन वर्षांत विभागून, रोपं किती जगली ते पाहून दिलं जाई. तेच तत्त्व पुढे ओढा. पडलेल्या झाडांची वयानुसार मोजणी करा, खोडं काढायचे पैसे लगेच द्या, आणि नव्या रोपांना फळ धरेपर्यंत, सहा-सात वर्षं, दरसाल थोडे पैसे द्या. रोप मेलं आणि पुन्हा लावलं नाही तर हप्ता बंद. यात तिजोरीवर एकदम भारही पडत नाही आणि पैसे घेऊन वाडी ओसाड टाकणाऱ्याला वावही राहत नाही.

पंचनाम्याची वेळ हाही एक घोळ आहे. पंचनामे वादळानंतर थोड्याच दिवसांत उरकतात, उरकायलाच लागतात. पण माड एका दिवसात मरत नाही. वाऱ्याने ज्यांचे शेंडे पिरगळले ते कित्येक माड जूनमध्ये उभे होते, म्हणून कागदावर शाबूत होते. दिवाळीला मी पाहिले तेव्हा त्यांच्या झावळ्या पिवळ्या पडून खाली लोंबत होत्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात नुसते खांब उरले. मामाच्या वाडीत असे सात गेले. त्यांचा पंचनामा कोण करणार? सहा महिन्यांनी दुसरी फेरी मारायला हवी, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आणि सातबारा! कोकणातला सातबारा म्हणजे एखाद्या लग्नपत्रिकेखालची निमंत्रकांची यादी. पणजोबांपासूनची नावं, त्यातले निम्मे वारलेले, उरलेले गिरगाव, डोंबिवली, नाशिक, एक जण न्यू जर्सीला. वाडी शिंपणारा, आळी करणारा, वानरांमागे दगड घेऊन धावणारा मात्र एकच असतो. मदत खात्यावर जमा व्हायची तर बाकीच्यांची संमतीपत्रं आणा म्हणाले. टाळेबंदीत, फोन बंद असताना, पंधरा जणांच्या सह्या! आमच्या घरातल्या सह्या मी आणि माझ्या मावसभावाने मिळून गोळा केल्या, त्याला मार्च उजाडला. एका चुलत आजोबांनी तर "आमचा हिस्सा किती येतो?" असंही विचारलं. साडेअकरा हजारांत त्यांचा हिस्सा किती आला असता ते मी सांगितलं, तेव्हा सही मिळाली. मालकीचा वाद आणि मदतीचा प्रश्न यांची गाठ मारायचं कारण नाही. वहिवाट कुणाची आहे हे अख्ख्या गावाला माहीत असतं. ग्रामसभेने ती सांगावी, मदत त्याला द्यावी, मालकी जिथल्या तिथे राहील.

पण ज्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, त्यांचं काय? वाडीवर फक्त वाडीवाला जगत नाही. झाडावर चढणारा पाडेली असतो. सुपारी सोलणाऱ्या बाया असतात, पावसाआधी झाप विणणाऱ्या असतात, झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधणाऱ्या म्हाताऱ्या असतात. आमच्याकडे सुपारी सोलायला एक मावशी येत. माझ्या आईच्या लग्नाआधीपासून येत होत्या. दिवाळीत त्यांना भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, "वाडी पडली ती तुमची, पण रोज गेला तो माझा." त्यांच्या घराचे पत्रे उडाले त्याचे पैसे त्यांना मिळाले होते. रोजाचे कुणी देणार नव्हतं, कारण त्यांच्या नावावर एकही झाड नव्हतं. वाड्या साफ करणं आणि नवी लागवड हे काम त्या दोन वर्षांत गावोगाव होतं. ते रोजगार हमीवर मोठ्या प्रमाणात काढलं असतं, तर एकाच पैशात वाडीही उठली असती आणि मावशींची चूलही पेटली असती. आता त्या एका रिसॉर्टमध्ये चादरी धुतात. पगार सुपारीपेक्षा बरा आहे, हेही त्यांनीच सांगितलं, तेव्हा मी त्यावर अश्रू ढाळणार नाही. पण पुढे वाडी भरात येईल तेव्हा सुपारी सोलायला हात कुठून येणार?

कोकणातला माणूस चिवट, तो रडत नाही, हात पसरत नाही, आत्महत्या करत नाही, असं भाषणांतून आमचं फार कौतुक होतं. मला या कौतुकाची अलीकडे धास्ती वाटते. ते ऐकून आमच्या मंडळींची छाती फुगते, आणि न मागणाऱ्याला द्यायचं राहून जातं.

हे पुन्हा होणार आहे, म्हणून हे उकरून काढते आहे. पूर्वी चक्रीवादळ म्हटलं की ओडिशा, आंध्र, बंगाल. अरबी समुद्र तसा शांत. आमच्या लहानपणी किनाऱ्यावरचे म्हातारे वादळाच्या गोष्टी सांगत त्या मचव्यांच्या असत, माडांच्या नसत. 2009च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा मच्छीमारांनी फार सोसलं, वाड्या बऱ्याचशा वाचल्या. पण पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 ते 2000 आणि 2001 ते 2019 या दोन काळांची तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. समुद्र तापतोय. ओडिशाने 1999च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गमावली आणि त्यानंतर किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, गावोगाव माणसं तयार केली. 2013ला फायलिन आलं तेव्हा मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. माणसं वाचवायची कशी हे आपण त्यांच्याकडून शिकलो. वाडी वाचवायची कशी हे कुणाकडून शिकायचं? इतक्या दाट, तीन मजली, गुंठ्यांच्या बागा आपल्या किनाऱ्यावर आहेत. निकष आपणच लिहायला हवेत.

आणि ते उशिरा लिहून चालणार नाहीत, कारण सात वर्षं कुणी थांबत नाही. दिवेआगरहून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता महाराष्ट्रातल्या सगळ्यात सुंदर रस्त्यांपैकी एक असेल. दरवेळी जाते तेव्हा वाटेत "जागा विकणे आहे"च्या पाट्या मोजते. त्या वाढताहेत. वाडी उभी असताना ती कुणी विकत नव्हतं, कारण ती पोसत होती. पडलेली वाडी सात वर्षं काही देत नाही, उलट शिंपण्याचा खर्च मागते. त्याच वेळी तिच्यातून समुद्र दिसायला लागलेला असतो, आणि समुद्र दिसणाऱ्या गुंठ्याचा शहरातला भाव काय ते मी सांगायला नको. विकणाऱ्याला दोष देववत नाही. त्याच्या एका हातावर सरकारने पाचशे सहा रुपये ठेवले आणि दुसऱ्यावर दलालाने लाखांचा आकडा.

गावात घरगुती निवास चालवणारे माझे नातेवाईक म्हणतात, पर्यटनाने गाव तगलं, तू उगाच नाक मुरडतेस. त्यांचं खरं आहे. 2021च्या हंगामात पाहुणे आले नसते तर कित्येकांना रोपांचे पैसेही उभे करता आले नसते. पण पाहुणा येतो तो वाडीतल्या सावलीत बसायला, केळीच्या पानावर उकडीचा मोदक खायला. वाड्या जाऊन सगळीकडे नुसते स्लॅब उभे राहिले तर तो अलिबागलाच थांबेल, ते मुंबईला जवळ आहे. किनाऱ्यावरचं सुरूचं बन त्या दिवशी आडवं झालं, ते वाळूवर पुन्हा लावता येतं. केवडा आणि मर्यादवेल तर माणसाने त्यांच्या वाटेला न जाण्याचीच खोटी, त्या आपापल्या पसरतात. वाडी तशी आपोआप येत नाही.

ती कशी येते ते मामाच्या मागे फिरून पाहिलं. पोफळीचं रोप उघड्या उन्हात जळतं. त्याला सावली हवी, आणि सावली देणारेच पडले होते. म्हणून आधी केळी लावल्या. केळी वर आल्यावर त्यांच्या आडोशाला पोफळी. 2021च्या पावसात लावलेल्या साठांपैकी एकवीस पहिल्याच उन्हाळ्यात करपल्या, त्या पुन्हा लावल्या. माड लावताना मी म्हटलं, संकरित लाव, चार-पाच वर्षांत धरेल. मामा तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. म्हणाला, "अगो, संकरित माझ्यासाठी झाला. बाणवली शंभर वर्षं उभा राहतो." त्याने तीन संकरित लावले आणि बाकी सगळे बाणवली.

गेल्या खेपेला कसलातरी दाखला शोधताना त्याच्या कपाटात मदतीच्या अर्जाची झेरॉक्स सापडली. गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आर, बाधित क्षेत्र, बँक खातं. नंतर जोडलेल्या कागदावर झाडांची संख्या: नारळ 23, सुपारी 118. वयाला रकाना नव्हता. समासात मामाने पेन्सिलीने, बारीक अक्षरात, माडांची यादी केली होती. विहिरीजवळचे दोन, आजोबांनी लावलेले, कोयनेच्या भूकंपाच्या साली. गोठ्यामागचे चार, आणीबाणीत. फाटकाजवळचा, ताईच्या लग्नाच्या वर्षी. असे तेवीसच्या तेवीस. तहसील कचेरीत गेलेल्या मूळ प्रतीवर हे लिहिलं होतं का, असं मी विचारलं. "लिहिलं होतं," मामा म्हणाला. "तिथल्या बाईंनी खोडरबर दिला."